दिवाळीचे बिल आणि घराची झोप

आकाशकंदील उतरतो, फराळाचे डबे रिकामे होतात आणि मग क्रेडिट कार्डाचे बिल येते. त्यात दोन आकडे असतात : एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. दुसरा आकडा दिलासा देतो. घराची झोप उडवतो तोही हाच.

समजा, ४०,००० रुपयांची खरेदी झाली आणि आपण किमान रक्कम म्हणून २,००० रुपये भरले. उरलेल्या ३८,००० रुपयांवर दरमहा साडेतीन टक्के दराने १,३३० रुपये व्याज चढते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी निराळा. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. कार्डावर घेतलेला किराणाही पहिल्या दिवसापासून व्याजासह घरात येतो.

म्हणून धनत्रयोदशीपूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसावे, पुढील पगारातून पूर्णपणे फेडता येईल एवढीच रक्कम कागदावर लिहावी आणि खरेदी तेथेच थांबवावी. आधीची थकबाकी असेल, तर ती जोडीदारापासून लपवू नये. लपवलेले कर्ज रक्तदाबासारखे असते. लक्षणे न दाखवता वाढत जाते.