कातळशिल्पं वर्गात आणूया, सड्यावर जपूया

रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, हत्ती आहेत, गेंडे आहेत, वाघ आहेत. शार्क आणि पाकटही आहेत. हजारो वर्षांपूर्वी माणसांनी ते जांभ्या कातळात खोदले; हीच कातळशिल्पं. कशेळी गावातला एकटा हत्तीच सुमारे 18 मीटरचा, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी!

हे धन आपल्या डोळ्यांदेखत चाललं आहे. चिरेखाणी, रस्ते, बांधकामं, बागांसाठी होणारं सपाटीकरण... जेसीबीला कातळशिल्प ओळखता येत नाही. ते आपल्याला ओळखता यायला हवं. 2022 मध्ये महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातलं एक अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण त्या यादीबाहेरच्या शेकडो चित्रांना वाली कोण?

आपणच. आणि सुरुवात शाळेपासून होऊ शकते.

पुस्तकातल्या चौकोनी फोटोत कशेळीचा हत्ती मावत नाही. उथळ रेषा तर दुपारच्या उन्हात दिसतही नाहीत. त्रिमितीय मॉडेलमध्ये मात्र प्रकाश हवा तसा तिरपा करता येतो, रेषा उठून दिसतात. व्हीआर (आभासी वास्तव) चष्मा लावला, की गडचिरोलीतली मुलगीही या हत्तीभोवती फेरी मारील. मग गुरुजींनी एवढंच विचारावं: आज कोकणात गेंडा नाही, मग इथे तो कुणी आणि का कोरला? पुरातत्त्वाचा अभ्यास अशाच प्रश्नांतून सुरू होतो.

असं मॉडेल बनवायला फार मोठा खर्च लागतो असंही नाही. शेजारी मोजपट्टी ठेवून, सगळ्या बाजूंनी, एकावर एक चढणारे भरपूर फोटो काढायचे; संगणक त्यांतून मॉडेल जुळवतो. साधा मोबाईलही कामाला येतो.

शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्यांनो, तेव्हा सडा कोरडा असतो. एक सकाळ या कामाला द्या. इंजिनिअरिंगच्या मुलांनो, मॉडेल तयार करा. शिक्षकांनो, ते वर्गात दाखवा. ग्रामपंचायतींनो, गावातल्या चित्रांची नोंद ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.

काही पथ्यं मात्र पाळू. बरीच चित्रं खाजगी जमिनीत आहेत, म्हणून मालकाला विचारूनच जाऊ. रेषांत खडू किंवा रंग भरणार नाही, चित्रावर पाय देणार नाही. राखण नसलेल्या जागेचा नेमका पत्ता समाजमाध्यमांवर टाकणार नाही.

मॉडेल कितीही हुबेहूब असलं तरी कातळाची जागा ते घेऊ शकत नाही. पण ते पाहिलेलं मूल उद्या खाणीच्या आड उभं राहील. म्हणून येत्या सुट्टीत आपल्या गावच्या एका तरी कातळशिल्पाची नोंद करूया. चला, लागूया कामाला!