आराखडा कुणाचा, शाळा कुणाची?

कर्जत-खालापूर भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये भिंतीवर एक रंगवलेला फलक हमखास दिसतो : ‘आमचे ध्येय’, ‘आमची मूल्ये’. गुणवत्तापूर्ण शिक्षण, सर्वांगीण विकास, स्त्री-पुरुष समानता, एकही मूल शाळाबाह्य राहणार नाही. शेजारी सावित्रीबाईंची तसबीर. या फलकाशी माझे भांडण नाही. शब्द चांगले आहेत. भांडण आहे ते फलकाशेजारच्या कपाटात पडून असलेल्या एका कागदाशी. त्याचे नाव शाळा विकास आराखडा.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने हा आराखडा करण्याचा अधिकार साहेबांना दिलेला नाही. कलम 21 म्हणते, प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात तीन-चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. कलम 22 म्हणते, शाळेचा आराखडा या समितीने करायचा, आणि सरकारने जो निधी द्यायचा त्याला आधार याच आराखड्याचा. म्हणजे ठाकरवाडीतल्या, कातकरवाडीतल्या आईने ‘आम्हाला हे पाहिजे’ असे लिहून दिले, तर अलिबागच्या जिल्हा परिषदेने तिथून हिशेबाला सुरुवात करायची. एवढी ताकद या देशातल्या फार थोड्या कायद्यांनी गरीब बाईच्या हाती दिली आहे.

आणि प्रत्यक्षात? ज्या वाड्यांत मी काम करते तिथल्या समितीच्या सदस्य बायांना मी विचारत आले आहे : आराखड्यात काय लिहिलंय? एक म्हणाली, “मास्तर सही करा बोलले, केली.” दुसरीला आपण सदस्य आहोत हेच माहीत नव्हते. एका वाडीत तर मागच्या वर्षीचाच आराखडा तारीख बदलून पुढे गेला होता. त्यात मागणी होती डिजिटल फळ्याची. त्याच वाडीतल्या बायांना ओसरीवर बसवून विचारले तेव्हा त्यांनी चार गोष्टी सांगितल्या : ओहोळावर साकव, मुलींच्या संडासात पाणी, धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणीतरी, आणि पावसाळ्यातही रोज येणारा मास्तर. डिजिटल फळ्याचे नाव एकीनेही घेतले नाही. मास्तरांना दोष देऊन मी थांबणार नाही. मतदार याद्या, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती यांत बुडालेल्या माणसाने वरून आलेला नमुना भरून दिला, तर त्यात नवल काय? पण आईचा अधिकार तिच्या अंगठ्यापुरता उरला, याची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी.

खालून आराखडे असे चालले असताना वरून सुधारणेची दुसरीच योजना येत राहिली. डिसेंबर 2017 मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या आसपास शाळा बंद करून मुले जवळच्या शाळेत हलवायचे ठरले. त्याला ‘समायोजन’ म्हटले गेले. सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. नमुना म्हणून तोरणमाळ आणि पानशेत. राज्यात अशा शाळा सुमारे 15 हजार आणि त्यांत शिकणारी मुले 1 लाख 85 हजारांच्या घरात. कारण दिले गुणवत्तेचे : मुलांना सवंगडी मिळतील, खेळाचे मैदान मिळेल, येण्याजाण्यासाठी बस मिळेल.

बस! त्याच वर्षी 19 जुलैच्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांनाही डोंगर पायी चढावा लागला. साऱ्या महाराष्ट्राने ती वाट दूरदर्शनवर पाहिली. आणि दोनच महिन्यांनी त्याच सरकारचे एक खाते डोंगरवाड्यांतल्या मुलांना बसचे आश्वासन देते. कोणत्या रस्त्यावरून येणार ही बस?

कायद्याखालच्या 2011 च्या राज्य नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. पेठच्या किल्ल्याखालच्या किंवा माथेरानच्या उतारावरच्या वाडीला हा किलोमीटर नकाशावर मोजून चालत नाही. श्रावणात ओहोळ भरला की दोनशे पावलांवरची शाळासुद्धा दुसऱ्या गावची होते.

पट कमी का होतो, हेही कुणी विचारत नाही. कातकरी कुटुंबे दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. मुले बरोबर जातात. त्यांच्यासाठी शिक्षण हमी पत्र आहे, हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण भट्टीच्या मालकाने उचल देताना कुणाला ते पत्र विचारल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. त्यात 2022-23 च्या संचमान्यतेपासून आधार जुळलेलीच मुले पटाला धरायची असे ठरले. जन्म घरी झालेला, दाखला नाही, म्हणून आधार नाही, म्हणून मूल वर्गात बसलेले असूनही मोजणीत नाही. अशी वर्गात बाविसाची कागदावर सतरा होतात. मग शाळा ‘अव्यवहार्य’ ठरते. आधी मूल पुसायचे, मग शाळा पुसायची.

पट घटण्याचे आणखी एक कारण आपल्या घरात आहे, आणि त्यावर बोलायला आपण बिचकतो. चौक, नेरळ, कर्जतकडे जाणाऱ्या इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्यांत मुलगे बसतात. फी एकाचीच परवडते, आणि तो एक कोण हे बाप ठरवतो. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत उरते. तेव्हा ‘कमी पटाची शाळा’ म्हणजे कुणाची शाळा, हे नीट ऐका : बहुतेक ठिकाणी ती मुलींची शाळा आहे, आणि ज्यांना कुठलीच गाडी घ्यायला येत नाही त्यांची.

ती बंद झाली की काय होते? दहा वर्षांची पोर दूरच्या शाळेत एकटी पाठवायची नाही, म्हणून घरी राहते. घरी राहिली की कडेवर भावंड येते, डोक्यावर हंडा येतो, आणि चार-पाच वर्षांत लग्नाची बोलणी. आई सोडायला-आणायला गेली तर मजुरीचा दिवस बुडतो. पोषण आहार शिजवणारी बाई महिना 2,500 रुपयांवर राबते, तेही वर्षाचे दहाच महिने. शाळा गेली की तेवढेही गेले. त्या वाडीतली एकमेव पक्की खोली जाते, जिथे बायांची बैठक भरत होती. हा खर्च कुठल्याच आराखड्यात धरलेला नाही, कारण तो बायांच्या अंगावर पडतो.

मुलींसाठी सरकार काय करते हेही सांगून टाकू. 1992 साली आदिवासी, दलित, भटक्या घरांतल्या मुलींना हजेरीबद्दल रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. पुढे कितीतरी वर्षे तो एक रुपयाच राहिला. एका रुपयाला तेव्हा काय येत होते आणि नंतर काय येत राहिले, हे कुठल्याही किराणावाल्याला विचारा.

लहान शाळा चांगल्याच असतात असे मी म्हणत नाही. चार इयत्ता एका खोलीत, एकच शिक्षक, त्यातही तो महिन्यातले आठ दिवस बैठकांना : अशा शाळेत तिसरीची मुलगी जोडाक्षराला अडते, हे मी पाहिले आहे. पण कायदाच सांगतो की 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. ते नीट न देता शाळा नापास ठरवायची आणि मग गुणवत्तेच्या नावाने बंद करायची, याला सुधारणा म्हणायचे? आश्रमशाळा आहेतच, असे कुणी म्हणेल. सहा वर्षांच्या पोरीला आईपासून तोडून वसतिगृहात ठेवणे हा नाइलाज असू शकतो, धोरण नव्हे.

आणि हे काही आपल्याला न सुटलेले कोडे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला, नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हेच काम केले. मूल अंगणात आहे तर बालवाडी अंगणात नेली. मोठी मुले गुरांमागे जातात तर कुरणशाळा काढली. बहीण भावंडाला सांभाळते म्हणून शाळेला येत नाही, हे ओळखून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणून विकासवाडी उभी केली. अर्ध्या शतकाहून अधिक काळापूर्वी दोन बायांना जे कळले ते शिक्षण खात्याला कळू नये? पुढे 2000 सालच्या सुमारास सरकारनेही वस्तीशाळा काढून शाळा वाडीपर्यंत नेली होती. वस्तीशाळेच्या शिक्षकांनी हजार रुपये मानधनावर वर्षानुवर्षे त्या चालवल्या. आज ज्यांना अव्यवहार्य म्हणतात त्यांत त्या शाळाही आहेत.

मैत्रिणींनो, आपल्या संघटना हिंसाचारावर, दारूवर, बचतगटांवर बोलतात. शाळा मात्र आपण शिक्षक संघटनांवर सोडून दिली आहे. त्यांचा प्रश्न पदांचा आहे, तो त्यांनी लढावा. आयांचा प्रश्न कुणी लढायचा? कर्जत-खालापूरला तर अधिकच कठीण, कारण इतके आदिवासी असूनही रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. पेसा कायद्याची वाडीची ग्रामसभा इथे नाही. जिल्हा परिषदेत बायांना निम्म्या जागा आहेत, पण 2022 साली मुदत संपल्यावर निवडणुका रखडल्या आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. तेव्हा वाडीतल्या बाईच्या हाती हक्काची म्हणून उरते ती हीच शाळा समिती.

ती ताब्यात घेऊ या. आराखडा आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी पाठवायचा म्हणून त्याची बैठक हिवाळ्यात लागते, जेव्हा निम्म्या आया भट्टीवर असतात. ती दिवाळीआधी, वाडीत, संध्याकाळी कामे आटोपल्यावर घ्यायला लावा. वर्गात बसणारी मुले मोजा आणि आधार नसलेल्यांची वेगळी यादी आराखड्याला जोडा. साकव लिहा, पाळणाघर लिहा, दुसरा शिक्षक लिहा. सगळे मोठ्याने वाचून झाल्यावरच सह्या आणि अंगठे द्या, आणि पंचायत समितीकडून पोच घेतल्याशिवाय प्रत हातची सोडू नका.