खानदानी हार्ट अटॅक: दोष जनुकांचा किती, उशिराचा किती?

अमरावती असो की अकोला, चाळिशीतल्या माणसाला हार्ट अटॅक आला की घरात एकच वाक्य ऐकू येते, ‘आमच्यात खानदानीच आहे, अब्बांनाही असंच झालं होतं.’ हे निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे आपल्या हातात आहे.

आधी खानदानाचे बोलू. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील 10 हजार भारतीयांचा जनुकीय डेटा जानेवारी 2025 मध्ये संशोधकांसाठी खुला झाला. हृदयविकारात जनुकांचा वाटा असतो, हे त्याआधीच सिद्ध झाले आहे. रक्तातील ‘लिपोप्रोटीन (ए)’ किती असेल, हे मुख्यतः जन्मापासून ठरलेले असते. खाणे-पिणे बदलून ते फारसे कमी होत नाही आणि नेहमीच्या कोलेस्टेरॉल तपासणीत दिसतही नाही. त्याची वेगळी चाचणी आयुष्यात एकदा तरी करून घ्यावी. अटॅकनंतर दिली जाणारी क्लोपिडोग्रेल ही गोळीही जनुकीय फरकामुळे काहींना कमी लागू पडते. असा फरक युरोपपेक्षा आपल्याकडे जास्त आढळतो. म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही, पण पर्यायाबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

आता दुसरी बाजू. 2008 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या ‘क्रिएट’ नोंदणीत देशातील 50 शहरांमधले 20 हजारांहून अधिक रुग्ण होते. मोठा अटॅक आलेल्यांपैकी निम्म्या रुग्णांना हॉस्पिटल गाठायला सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागला. महिनाभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण श्रीमंतांत 5.5 टक्के, तर गरिबांत 8.2 टक्के होते. मिळालेल्या उपचारांचा फरक हिशेबात धरल्यावर मात्र ही दरी उरली नाही. म्हणजे गरिबांना जनुकांनी नव्हे, अपुऱ्या इलाजाने मारले.

आपल्याकडेही तेच. छातीत दुखले की ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पितात, सकाळची वाट बघतात. धारणीच्या माणसाला तर मेळघाट ओलांडून अमरावती गाठायची असते. म्हणून धारणी, अचलपूर, बाळापूर, तेल्हारा इथल्या सरकारी दवाखान्यांत रात्रीही ईसीजी आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळते का, हे मोहल्ल्यातल्या जाणत्यांनी आमदारांना विचारायला हवे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. त्याची कागदपत्रे आजच तयार ठेवा.

घरात 55 च्या आतल्या पुरुषाला किंवा 65 च्या आतल्या बाईला अटॅक आला असेल, तर भाऊ-बहिणी आणि मुलांची तपासणी करा. नात्यात निकाह होणाऱ्या घरांत तर नक्कीच करा. वाढलेल्या कोलेस्टेरॉलचा दोष आई-वडील दोघांकडून मुलात उतरला, तर आजार कमी वयातच गंभीर होतो. रिश्त्यात अडचण येईल म्हणून अशी गोष्ट लपवू नका. जनुकीय धोका असलेल्यांनीही तंबाखू सोडली, वजन आवरले, चालणे ठेवले तर धोका जवळपास निम्म्यावर येतो, असे 2016 च्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. खर्रा सोडण्याला हेच कारण पुरेसे आहे.

तकदीरवर ईमान ठेवणे वेगळे आणि इलाजाला उशीर करणे वेगळे. छातीत दाब आला, घाम फुटला, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे गेले, तर लगेच 108 लावा.