गोव्याला विचारलं, वऱ्हाडाला कधी विचारणार?

शेंदूरजनाघाटच्या संत्राबागा संपल्या की सातपुडा लागतो आणि त्यापलीकडे मध्य प्रदेश. मुलताई, पांढुर्ण्याकडे आपल्या भागाच्या सोयरिकी आहेत. तिकडेही संत्र्याच्या बागा आहेत. १९५६ पर्यंत तिकडची आणि नागपूर-वऱ्हाडची राजधानी एकच होती, नागपूर. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि मधून सीमा गेली. ती आखताना ना इकडच्यांना कोणी विचारलं, ना तिकडच्यांना.

वऱ्हाडाच्या वाट्याला हे नेहमीच आलं. १८५३ मध्ये फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारकडे सोपवलं. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये ठरवून ते कायमच्या पट्ट्याने घेतलं आणि पुढच्याच वर्षी मध्य प्रांताला जोडलं. तिथली माणसं, त्यांची शेती, त्यांच्या कोर्टकचेऱ्या, सगळं एखाद्या वावरासारखं मक्त्याने दिलं गेलं. पारतंत्र्यात ते झालं म्हणून सोडून देऊ. पण स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आणि त्यानंतर? १९४७ चा अकोला करार आणि १९५३ चा नागपूर करार पुढाऱ्यांनी आपसांत बसून केले. राज्य पुनर्रचनेसाठीच्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वऱ्हाड धरून विदर्भाच्या आठ जिल्ह्यांचं वेगळं राज्य करा, अशी स्पष्ट शिफारस केली. ती बाजूला ठेवून आधी द्विभाषिक मुंबई राज्य झालं आणि १९६० मध्ये महाराष्ट्र. एवढ्या उलथापालथीत मतपेटी एकदाही पुढे आली नाही.

संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी प्राण दिले, त्यांच्याबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. मराठी माणूस एका राज्यात असावा, ही भावना खोटी नव्हती आणि आजही नाही. माझं म्हणणं एवढंच की वऱ्हाडातल्या माणसाने ती भावना स्वतःच्या मताने कधी नोंदवली नाही, नाकारलीही नाही.

हे होऊ शकत नाही असं नाही, कारण शेजारीच झालेलं आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, यासाठी संसदेने १९६६ मध्ये खास कायदा केला. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून मुख्यमंत्री दयानंद बांदोडकरांनी आधी राजीनामा दिला. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळेपणाची दोन पानं. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. विलीनीकरणाला १,३८,१७० मतं पडली, वेगळं राहण्याला १,७२,१९१. तिथल्या मराठीप्रेमींना तो निकाल जिव्हारी लागला, पण त्यांनी तो मानला. मुंबईनेही मानला. १९८७ मध्ये गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला तो याच पायावर.

“निवडणुका होतातच की, विदर्भवाल्यांना लोक पाडतात, हाच कौल,” असं सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी गोव्याचे तीन निकाल एका ओळीत ठेवून पाहावेत. १९६३ मध्ये विलीनीकरणाच्या घोषणेवर बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष सत्तेवर आला. १९६७ च्या जानेवारीत त्याच मतदारांनी विलीनीकरण नाकारलं. दोनच महिन्यांनी त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा निवडून दिलं. माणूस आमदार निवडताना जात, नातं, कामं, कूळकायदा, पुढाऱ्याची जवळीक, सगळंच तोलतो. एकच प्रश्न वेगळा काढून विचारला की उत्तर वेगळं येतं. त्यामुळे विदर्भवादी उमेदवार पडला म्हणून विदर्भ नको, हा निष्कर्ष मला कच्चा वाटतो. तसंच जनमंच या संघटनेने २०१३ मध्ये अमरावती, नागपूरकडे घेतलेल्या मतचाचणीत मोठा होकार आला म्हणून विदर्भ हवाच, हाही कच्चाच. तिथे ज्यांना तळमळ होती तेच अधिक आले असणार. सरकारी मतदार यादी, सरकारी मतपेटी आणि दोन्ही बाजूंना प्रचाराची मोकळीक, याशिवाय खरा कौल कळत नाही.

जगात तर यापेक्षा मोठे प्रश्न असे सुटले आहेत. अमरावती जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी लोकसंख्येचा माँटेनिग्रो २००६ मध्ये सर्बियापासून वेगळा झाला. अट ५५ टक्क्यांची होती, मतं ५५.५ टक्के पडली. स्कॉटलंडने २०१४ मध्ये सोळा वर्षांच्या मुलांनाही मत दिलं आणि ५५ टक्क्यांनी ब्रिटनमध्येच राहायचं ठरवलं. ते देश सोडण्याचे प्रश्न होते. आपल्याकडे देश सोडण्याचा विषयच नाही, भारतातच एक राज्य मागायचं आहे. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने तो अधिकार संसदेला दिला आहे, विधानसभेचं फक्त मत मागवायचं असतं. लोकांना विचारायला मात्र तो अनुच्छेद मनाई करत नाही.

स्कॉटलंडकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. मतदानाच्या आदल्या वर्षी तिथल्या सरकारने चलन, पेन्शन, तेलाचा पैसा, सगळ्यावर जाडजूड पुस्तक काढून लोकांपुढे ठेवलं. आपल्याकडे हा हिशोब कोणी मांडत नाही, आणि वरुड-मोर्शीच्या माणसाला तोच हवा आहे. टपरीवर विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, “मुंबई काय अन् नागपूर काय, आपल्याले दोन्ही सारखेच.” ही शंका हसण्यावारी नेऊ नये. सिंचनाचा अनुशेष नागपूर विभागापेक्षा अमरावती विभागात कितीतरी जास्त काळ रेंगाळला. वरुडच्या जमिनीखालचं पाणी उपसून उपसून खोल गेलं आहे. नव्या राज्यात त्या पाण्यासाठी काय तरतूद असेल? उच्च न्यायालय नागपूरला, विधानसभा नागपूरला, मग अमरावती-अकोल्याला काय? विजेचा महसूल किती, कर्जाचा वाटा किती? आणि हेही सांगितलं पाहिजे की बांगलादेशने २०२३ मध्ये संत्र्यावरचं आयात शुल्क किलोमागे ८८ रुपयांवर नेलं, तो प्रश्न दिल्लीचा आहे. वेगळं राज्य झालं म्हणून तो सुटणार नाही.

नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घ्यायचं ठरलं होतं. त्याचा कालावधी आता एक-दोन आठवड्यांवर घसरला आहे आणि २०२०, २०२१ मध्ये तर ते नागपूरला झालंच नाही. विदर्भ विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. करारातली आश्वासनं अशी विरत जातात, कारण ती कोणा मतदाराला दिलेली नव्हती.

म्हणून येत्या हिवाळी अधिवेशनात वऱ्हाडच्या आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून एक ठराव आणावा: गोव्यासारखा कायदा करून संसदेने विदर्भाच्या आजच्या अकरा जिल्ह्यांत कौल घ्यावा. त्याआधी वर्षभर हिशोबाची कागदपत्रं मराठीत गावोगाव पोहोचवावीत, आणि मतमोजणी जिल्हावार जाहीर करावी. नागपूरचा होकार अमरावतीच्या नकारावर चढता कामा नये, आणि अमरावतीचा होकार मुंबईच्या गप्प बसण्यात बुडता कामा नये. माझं स्वतःचं मत आज वेगळ्या राज्याकडे झुकतं. पण अकोला, बुलडाणा, वाशीमने नाही म्हटलं, तर मी ते मान्य करीन.