पुडी खिशात, हळद दुधात

कुरुळीत महामार्गालगतच्या टपरीवर कॅन्सरचा विषय निघाला की निकाल ठरलेला : 'कंपन्यांचा धूर नाकात जातोय, तिथं तंबाखूचं काय घेऊन बसलात?' यातलं निम्मं खरं आहे. बाहेरची दूषित हवा कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१३ मध्येच जाहीर केलं. पण धुरावर गुन्हा दाखल झाला म्हणून तंबाखूची सुटका कशी होते? धूर प्रामुख्यानं फुप्फुसाला पोचतो. तोंडाच्या कर्करोगाला मावा पुरतो. 'मी नुसती सुपारी खातो' हा बचावही लटका, कारण तंबाखूविना सुपारीही त्याच संस्थेच्या यादीत २००४ पासून आहे.

राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. तरी २०१६-१७ च्या सर्वेक्षणात इथले २४.४ टक्के प्रौढ धूर न काढता तंबाखू खाणारे निघाले. ओढणारे फक्त ३.८ टक्के.

मग आजोबा येतात. नव्वदीपर्यंत बार भरायचे, काही झालं नाही! असतीलही. पंचेचाळिशीत जबडा काढावा लागलेल्याची गोष्ट मात्र टपरीवर कोणी सांगत नाही.

दुसरा पंथ हळद-कडुनिंबवाल्यांचा. नवज्योतसिंग सिद्धूंनी २०२४ मध्ये पत्नीच्या बरं होण्याचं श्रेय आहाराला दिलं, तेव्हा टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी डॉक्टरांना पत्रक काढून याला पुरावा नाही असं सांगावं लागलं. सिद्धूंच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोही झाली होती. हळद आमटीत असावीच. पण पुडी खिशात ठेवून दुधात हळद घालणं ही मनाची समजूत झाली.

धोका कमी होतो तो आधी सोडण्यानं : तंबाखू, सुपारी, दारू. मग भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, रोजचं चालणं आणि आटोक्यातलं वजन. यात विकण्यासारखं फारसं काही नाही, म्हणून जाहिरातही नाही.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही : 'रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून खातो.' रात्रपाळीच 'बहुधा कर्करोगकारक' मानली गेली आहे. तेव्हा नुसता कामगाराला उपदेश करून भागणार नाही. ठेकेदारानं मधली विश्रांती द्यावी, कॅन्टीननं रात्रीही वडापावाऐवजी ताजं जेवण द्यावं. चार मार्चपासूनच्या राष्ट्रीय सुरक्षा सप्ताहात हेल्मेट-बूट तपासतात, त्याच रांगेत दंतवैद्य बसवावा. पांढरा चट्टा, न भरणारी जखम, तीन बोटं मावत नाहीत इतकं आखडलेलं तोंड, एवढं टॉर्चच्या उजेडातही दिसतं.