विधी विद्यार्थ्यांच्या मराठी नियतकालिकास मान्यता मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. कुलगुरू,
गोंडवाना विद्यापीठ, गडचिरोली

विषय : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील विधी विद्यार्थी चालवीत असलेल्या नियतकालिकास विद्यापीठाची मान्यता, छपाईचा खर्च व संपादनाची मोकळीक मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे विधी शाखेचे विद्यार्थी न्यायनिर्णयांवरील टिपणांचा एक मराठी अंक काढतो. तो आम्हीच टाइप करतो, झेरॉक्स काढून वाटतो आणि खर्च वर्गणीतून भागवतो. एवढ्यावर तो फार काळ चालणार नाही, आणि तो बंद पडणे केवळ आमचे नुकसान ठरणार नाही, असे आमचे म्हणणे आहे.

कायद्याची नियतकालिके उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांवर चालतात. आमच्या भागातल्या माणसाची जमीन, बांबू, तेंदू यांचा फैसला मात्र बहुतेक वेळा तिथवर पोचतच नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे आणि तिथून जिल्हा समितीकडे जातात. मे २०२० मध्ये राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रापुरता कायद्यात बदल केल्यापासून त्यापुढे विभागीय समितीकडे दाद मागता येते. या समित्यांचे आदेश कोणत्याही लॉ रिपोर्टात येत नाहीत. ते दावेदाराच्या पेटीत घडी घालून ठेवलेले असतात, नाहीतर कचेरीच्या गठ्ठ्यात. एका गावाने काय मांडले, काय टिकले, काय टिकले नाही, हे शेजारच्या गावाला कळण्याची सोयच नाही.

असा एक आदेश आमच्या बैठकीत वाचला गेला. पानभर मजकूर, दोन शिक्के, आणि कारणाच्या जागी तीन शब्द : ‘पुरावा पुरेसा नाही’. दावा अन्य पारंपरिक वननिवासी कुटुंबाचा होता. म्हणजे १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, ७५ वर्षांचा रहिवास दाखवणे आले. नियम १३ मध्ये जुन्या विहिरी, बांध, स्मशानभूमी आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही पुरावा म्हणून सांगितले आहेत. २०१२ च्या सुधारणेने नामंजुरीची कारणे सविस्तर नोंदवणे बंधनकारक केले. दावेदाराकडे गावचे निस्तार पत्रक होते, ते कुणी विचारलेच नव्हते. हे टिपण तयार करायला आम्हाला बराच वेळ लागला, कारण आमच्यात नियम असा आहे की लिहिणाऱ्याचे प्रत्येक वाक्य दुसऱ्या कुणीतरी मूळ कागदाशी ताडून पाहायचे. वाद झाले, दोघे रुसले. शेवटी माडिया बोलणाऱ्या मित्राने तेच टिपण गावात तोंडी सांगितले. छापील अंकाच्या आधी अंक असा पोचतो.

विद्यार्थ्यांनी कायद्याचे नियतकालिक चालवणे ही नवलाई नाही. ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ १८८७ पासून विद्यार्थीच चालवतात, आणि आपल्याकडच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांतही अशी नियतकालिके निघतात. पण ती इंग्रजीत असतात. राज्य शासनाने १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. त्या न्यायालयांत उभे राहणाऱ्यांनी मराठीत कायद्याचा विचार करावा कुठे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

लिहिण्याने काय होते याचा दाखला याच मातीतला आहे. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात पुन्हा निर्दोष ठरवले. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार विधी अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उठलेल्या चळवळीने १९८३ ची फौजदारी कायदा दुरुस्ती घडवली. खटला इथला, पत्र मात्र बाहेरच्यांना लिहावे लागले. (हा खटला पीडितेच्या नावानेच ओळखला जातो. आमच्या अंकात ते नाव छापायचे नाही असे आम्ही ठरवले आहे.)

दुसरा दाखला मेंढा (लेखा) गावाचा. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबूची वाहतूक अडली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबू हे झाड होते, वनहक्क कायद्यात ते गौण वनोपज. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. १९२७ च्या अधिनियमातील व्याख्या बदलायला मात्र २०१७ उजाडले. या लढ्याचा कायदेशीर इतिहास मराठीत, मूळ कागदांसह, एका ठिकाणी असायला हवा. गावच्या अभ्यास गटांनी जे केले त्याची टाचणे तरी विधी महाविद्यालयांनी ठेवावीत.

म्हणून आमची पहिली मागणी अशी की, विद्यापीठाने या नियतकालिकास मान्यता देऊन वर्षाला दोन अंकांच्या छपाईचा खर्च उचलावा. परवानग्यांची अडचण मोठी नाही : आयएसएसएन क्रमांक विनाशुल्क मिळतो, आणि २०२३ च्या नियतकालिक नोंदणी कायद्याने शैक्षणिक नियतकालिके आपल्या कक्षेबाहेर ठेवली आहेत.

दुसरी मागणी आम्हाला पैशापेक्षा महत्त्वाची वाटते. कोणते टिपण छापायचे हे विद्यार्थी संपादक मंडळाने ठरवावे. अध्यापकांनी चुका दाखवाव्यात, सल्ला द्यावा, मात्र छपाईपूर्व मंजुरीची अट नसावी. या जिल्ह्यांत खाणीचे, वाघाच्या हल्ल्यातील भरपाईचे, विस्थापनाचे वाद आहेत. त्यावरचे लेखन कुणाला तरी बोचणारच. आमच्याकडून आम्ही एवढी हमी देतो की खाण कंपन्यांची जाहिरात घेणार नाही आणि ज्याच्यावर टीका आहे त्याचे उत्तर त्याच अंकात छापू.

तिसरी मागणी इंटर्नशिपबाबत आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवड्यांची आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवड्यांची इंटर्नशिप लागते, आणि त्यात स्थानिक स्वराज्य संस्थांचाही समावेश आहे. ग्रामसभेच्या वनहक्क समितीसोबत कागद गोळा करण्याचे आमचे काम त्यात धरले जावे. भामरागड किंवा जिवतीच्या विद्यार्थ्याला नागपूरच्या वकिलाकडे खोली घेऊन राहणे परवडत नाही. तो गावी राहून हे काम करील आणि ते अधिक चांगले करील.

चौथी मागणी अशी की, वनहक्क दाव्यांवरील समित्यांच्या आदेशांच्या प्रती, दावेदारांची नावे झाकून, आम्हाला मिळाव्यात यासाठी विद्यापीठाने दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांना पत्र द्यावे. आम्ही एकेकटे माहितीचा अर्ज करतो तेव्हा तीस दिवस थांबून अर्धवट कागद हाती येतात.

या निवेदनावर पुढील विद्या परिषदेच्या बैठकीत विचार व्हावा, त्याआधी आमच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ मिळावी, आणि होकार असो वा नकार, उत्तर लेखी व सकारण मिळावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
विधी शाखेचे विद्यार्थी,
चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

सोबत : मागील अंकांच्या प्रती
प्रत माहितीस्तव : जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, चंद्रपूर व गडचिरोली