दारावरचे सेनापती

श्रावण लागला की आमच्यापैकी पुष्कळ घरांतून जिवतीचा कागद भिंतीवर येतो आणि त्याची पूजा होते. त्या कागदाला कोणी कलाकृती म्हणत नाही. चीनमधील नववर्षाची ठशांची चित्रे याच जातीची. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आम्हां मराठी घरांना त्यांची हकिकत परकी वाटू नये.

या चित्रांना तेथे ‘न्येनहुआ’, म्हणजे वर्षाची चित्रे, असे नाव आहे. त्येनत्सिनजवळचे यांगल्यूछिंग, सूचौचे थाओहुआवू, शानतुंगमधील यांगच्यापू ही त्यांची नामांकित ठिकाणे. लाकडी ठोकळ्यावर आकृती उलटी कोरायची, शाई लावायची, वर कागद अंथरून पाठीवरून ब्रश घासायचा. छापयंत्राचे तेथे कामच नाही. कोठे प्रत्येक रंगाला निराळा ठसा असतो. यांगल्यूछिंगला मात्र रेषा ठशाची आणि रंग हाताने भरलेले. तेथील गुबगुबीत बाळांच्या गालांवरची लाली त्यामुळेच इतकी जिवंत.

दाराच्या दोन फळ्यांवर छिन छ्योंग आणि युछ कुंग हे थांग राजवटीचे दोन सेनापती शस्त्रे घेऊन उभे असतात. भुताखेतांनी सम्राटाची झोप उडविली तेव्हा या दोघांनी रात्रभर पहारा केला आणि पुढे त्यांच्या चित्रांवरच काम भागले, अशी आख्यायिका आहे. स्वयंपाकघरात चुलीचा देव. वर्षाच्या शेवटच्या महिन्यात तो घरातल्यांचे बरेवाईट सांगण्यास स्वर्गात जातो, म्हणून निरोपाच्या वेळी त्याच्या ओठांना गोड चिकट पदार्थ लावतात आणि कागद जाळून त्याची रवानगी करतात. याला लाच म्हणावे की पाहुणचार, हे आमच्या वाचकभगिनींनीच ठरवावे!

जे जाळण्यासाठीच छापले, ते जपावे कसे? रशियन पंडित अलेक्सेयेव्ह यांनी १९०७ मध्ये चीनमध्ये फिरून अशी चित्रे जमविली, म्हणून ती रशियातील संग्रहांत राहिली. खुद्द चीनमध्ये १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत कितीतरी जुने ठसे नष्ट झाले. २००६ मध्ये यांतील अनेक परंपरा राष्ट्रीय वारशाच्या यादीत आल्या. हे चांगलेच झाले. पण काचेमागचा चुलीचा देव स्वर्गात जात नाही, एवढे आम्हांस वाटल्यावाचून राहत नाही.

आमचे खरे कुतूहल आहे ते देशांतर केलेल्या चिनी घरांविषयी. सिंगापूरमध्ये सुमारे तीन-चतुर्थांश वस्ती चिनी वंशाची, बाकी मलय, तमिळ आदी. सरकारी इमारतींत सर्व समाजांची सरमिसळ राहावी असा नियम तेथे १९८९ पासून आहे. एकाच मजल्यावर एका दाराला आंब्याचे तोरण, तर दुसऱ्यावर लाल-सोनेरी कागद. आता हा कागद बहुधा यंत्रावर छापलेला असतो. त्याचे आम्हांस फारसे दुःख नाही. आमचा जिवतीचा कागद तरी कोठे हाताने छापलेला असतो?

काळजीचे स्थान निराळे आहे. या चित्रांचा अर्थ डोळ्यांइतकाच कानांनी कळतो. मासा आणि शिल्लक या दोहोंस चिनीत ‘यू’ म्हणतात, म्हणून बाळाच्या कुशीत मासा. वटवाघूळ ‘फू’, भाग्यही ‘फू’. आपल्याकडे घरात शिरले तर अशुभ मानतात ते पाखरू तेथे मंगल ठरते. सिंगापुरात अननसही नववर्षाच्या सजावटीत येतो, कारण होक्क्येन बोलीत त्याचे नाव ‘ओंग लाय’, आणि ते ‘भरभराट येवो’ असे ऐकू येते. मँडरिनमध्ये हा श्लेष साधत नाही. तेथील शासनाने १९७९ पासून बोलींऐवजी मँडरिनचा पुरस्कार केला. १९८७ पासून शाळांचे माध्यम इंग्रजी झाले. २०२० च्या जनगणनेत सुमारे ४८ टक्के रहिवाशांनी घरी मुख्यतः इंग्रजी बोलत असल्याचे सांगितले.

उद्या शेजारच्या तमिळ मुलाने विचारले, “तुमच्या दारावर अननस कशाला?” तर नातवाला आजीलाच हाक मारावी लागेल. आजी आपल्या बोलीत सांगेल. ते नातवाला कळले, तरच शेजाऱ्यापर्यंत पोहोचेल.